चाळीस नंबर, नव्वद नंबर

माझ्याकडे १९९८ ची मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली, चार गिअरची, कार्ब्युरेटरवाली. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत नेऊन तपासून घेतली, पर्यावरण कर भरला, नोंदणीचं नूतनीकरण केलं. त्यानंतर दर पाच वर्षांनी तेच करतो. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये तिचं गिअर ऑइल बदललं. "साहेब, भारीतलं टाकलंय, जीएल-फाइव्ह," असं मेकॅनिक कौतुकानं म्हणाला आणि मीही खूश होऊन पैसे दिले.

दुसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना गिअर 'कर्र' वाजायला लागला. जुन्या कात्रज घाटात तर चढाचं वळण दिसलं की मी आधीपासूनच क्लच दोनदा दाबून तयारीत. पुन्हा गॅरेज गाठलं. सिंक्रो रिंगा गेल्यात, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असं निदान झालं. खर्चाचा आकडा ऐकून घरी आलो आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातली, कोपरे दुमडलेली पुस्तिका काढली. तिच्यात गिअर ऑइलसमोर जीएल-४ छापलेलं होतं. दोन-अडीच लिटर नवं ऑइल आणलं, आधीचं काढून ते भरलं. तीन-चारशे किलोमीटरमध्ये आवाज जवळजवळ गेला. गिअरबॉक्स ठणठणीत होता. ऑइल चुकलं होतं, आणि चुकलं कशामुळे, तर ते 'वरच्या दर्जाचं' म्हणून टाकलं होतं.

तेव्हापासून जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो. ऑइलमध्ये भारी-हलकं असं काही नसतं. ते त्या गाडीच्या धातूला आणि फटीला जुळतं किंवा जुळत नाही.

फट हा शब्द मुद्दाम वापरला. बैलगाडीच्या आखाला आजोबा वंगण घालत तेव्हा आख आणि चाकाचा तुंबा यांत बोट घासेल एवढी ऐसपैस जागा असे, म्हणून दाट, चिकट वंगण तिथे टिकून राही. गाडीच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि त्याचं बेअरिंग यांच्यातली फट साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर असते. माणसाचा केस याहून जाड असतो. त्या फटीत पंप ऑइल ढकलतो आणि फिरणारा शाफ्ट त्या ऑइलच्या थरावर तरंगतो. सगळं सुरळीत असेल तर धातू धातूला लागतच नाही. ऑइल फार पातळ झालं तर थर फाटतो, फार दाट असलं तर फटीत वेळेवर पोचत नाही. इंजिन घडवणाऱ्यांनी ही फट ठरवतानाच कोणत्या दाटपणाचं ऑइल तिच्यात बसेल हेही ठरवलेलं असतं. म्हणून पहिला सल्ला त्या पुस्तिकेचा. ती हरवली असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मालकाकडून फोटो मागवा, पण अंदाजानं ऑइल भरू नका.

दाटपणाचे आकडे डब्यावर असतात: १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, ५डब्ल्यू-३०. स्पेअर पार्टच्या दुकानात अजूनही 'चाळीस नंबर मोबिल द्या' असं मागतात. मोबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण वनस्पती तुपाला जसं डालडा नाव पडलं तसं गॅरेजमध्ये सगळ्याच इंजिन ऑइलला मोबिल म्हणतात. या आकड्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: १५डब्ल्यू-४० म्हणजे थंडीत १५ इतकं पातळ आणि तापल्यावर ४० इतकं दाट. तापल्यावर दाट होणारं ऑइल जगात नाही. थंडीत घट्ट झालेली काकवी चुलीजवळ ठेवली की धार धरते, ऑइलचंही तसंच. १५डब्ल्यू-४० चा दाटपणा ४० अंश सेल्सियसला शंभर सेंटिस्टोक्सच्या वर असतो, १०० अंशाला तो चौदा-पंधरावर येतो. मागचा ४० हा आकडा १०० अंशाचा दाटपणा सांगतो: ३० नंबरला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० ला १२.५ ते १६.३, ५० ला १६.३ ते २१.९. पुढचा आकडा आणि डब्ल्यू, म्हणजे विंटर, हे कडाक्याच्या थंडीतल्या चाचणीचं माप. २०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे १५ अंशाला होते, १५डब्ल्यूची उणे २० ला, ५डब्ल्यूची उणे ३० ला.

आपल्याकडे उणे १५ कुठून येणार? महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात ती आपली थंडीची परिसीमा, आणि दुसऱ्या टोकाला मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर पंचेचाळीसच्या पुढे जातात. म्हणून जुन्या गाडीसाठी ०डब्ल्यूच्या मागे धावण्यात अर्थ नाही. तरी पुढचा आकडा अगदीच बिनकामाचा नाही. इंजिनाची झीज सर्वांत जास्त सकाळी पहिल्यांदा चावी फिरवल्यावरच्या काही क्षणांत होते, ऑइल खाली चेंबरमध्ये निथळलेलं असतं तेव्हा. पुण्यातल्या डिसेंबरच्या सकाळी १५डब्ल्यू ऑइल २०डब्ल्यूपेक्षा लवकर वर चढतं. पुस्तिका दोन्ही चालेल म्हणत असेल तर मी १५डब्ल्यू-४० घेतो. गाडी दिवसभर विदर्भाच्या उन्हात पळत असेल आणि पुस्तिकेच्या तक्त्यात २०डब्ल्यू-५० असेल, तर ते घ्यावं.

इथे एक प्रश्न हमखास येतो. गाडी जुनी झाली, ऑइल खाते, मग दाट ऑइल घालावं का? आधी ऑइल कुठून जातं ते पाहावं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केल्यावर निळा धूर येऊन थोड्या वेळात थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व सील कडक झालीत. घाटात जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर झिजलेत. धूर नाही, पण उभ्या गाडीखाली फरशीवर डाग पडतो, तर गास्केट किंवा ऑइल सील. गरम इंजिन आयडलला असताना ऑइलचा लाल दिवा मिणमिणत असेल तर बेअरिंगची फट वाढली असण्याची शक्यता आहे, अर्थात आधी प्रेशर स्विच आणि ऑइलची पातळी तपासून. फट खरोखरच वाढलेली असेल तर एक पायरी दाट जाणं, म्हणजे ४० वरून ५० वर, योग्य ठरतं. वाढलेल्या फटीला दाट थर लागतो. पण चांगल्या स्थितीतल्या इंजिनात 'जुनी गाडी आहे' एवढ्यावरच ५० नंबर टाकला तर सकाळी टॅपेट वाजत राहतात आणि पेट्रोल जास्त जातं. निळ्या धुराचं मूळ सील असेल तर सीलच बदला. दाट ऑइलनं धूर काही महिने लपतो आणि सील तोवर आणखी कडक होतं.

दाटपणानंतर डब्यावर शोधायची ती दोन अक्षरं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, पेट्रोल इंजिनांच्या ऑइलला 'एस'नं सुरू होणारा दर्जा देते: एसएफ १९८० च्या सुमाराचा, एसजे १९९६ चा, एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. डिझेलची अक्षरं 'सी'नं सुरू होतात: सीएफ-४, सीएच-४, सीआय-४. नवं अक्षर साधारणपणे जुन्याची जागा घेतं. माझ्या गाडीला एसएन ऑइल चालतं आणि एसएफ शोधत फिरायची गरज नाही, उलट नव्यात गाळ कमी साचतो.

एका जातीच्या इंजिनाचा मात्र अपवाद आहे, आणि त्यामागची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिन किंवा जुन्या ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी इंजिन आठवा. त्यांत कॅमशाफ्टचा उंचवटा सपाट टॅपेटवर घासत जातो. जागा नखाएवढी, दाब प्रचंड. तिथे नुसता ऑइलचा थर पुरत नाही. म्हणून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचं एक संयुग घालतात, झेडडीडीपी. उष्णता आणि दाब आला की ते धातूवर एक पातळ लेप चढवतं. पोलादाऐवजी तो लेप झिजतो आणि पुन्हा चढतो. जुन्या गाड्यांचे शौकीन याला नुसतं 'झिंक' म्हणतात.

मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना ते सक्तीचे झाले, त्याबरोबर शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशातून हद्दपार झालं. इंजिनात थोडंफार जळणारं ऑइल धुराबरोबर बाहेर जातं आणि त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टरच्या आतल्या मौल्यवान धातूंवर बसून त्यांना निकामी करतो. म्हणून फॉस्फरसवर मर्यादा येत गेल्या. एसएमपासून १०डब्ल्यू-३० आणि त्याहून पातळ ग्रेडमध्ये तो जास्तीत जास्त ०.०८ टक्के. हवेसाठी हे योग्यच झालं. पण ज्या इंजिनाला कन्व्हर्टरच नाही आणि टॅपेट सपाट आहेत, त्याच्या वाट्याचं झिंक त्यात कमी झालं. ही मर्यादा १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला लागू नाही, त्यामुळे या दाट ग्रेडमध्ये झिंक जास्त ठेवायची मुभा असते. पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर जपणाऱ्यानं म्हणूनच आधुनिक पातळ ऑइलकडे वळू नये. डब्यावर सीआय-४ आणि एसएल असे दोन्ही दर्जे छापलेलं १५डब्ल्यू-४० मिळालं तर तेही अशा इंजिनाला मानवतं, कारण डिझेलच्या त्या दर्जाच्या ऑइलमध्ये झिंकची मात्रा सहसा बरी असते.

सिंथेटिकबद्दल थोडक्यात. 'सिंथेटिक टाकलं की जुनी गाडी गळायला लागते' हे विधान पूर्ण खोटं नाही, पण कारण लोक समजतात ते नाही. सुरुवातीच्या काही सिंथेटिक ऑइलमध्ये रबरी सील किंचित आकसत. आता सीलला फुगवटा देणारे घटक त्यात मिसळलेले असतात. आज गळती दिसते ती बहुधा यामुळे, की वर्षानुवर्षांच्या काजळीनं बुजलेली भेग स्वच्छ ऑइलनं मोकळी केली. माझं मत विचाराल तर कार्ब्युरेटरच्या गाडीला साधं मिनरल ऑइल पाच हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा, फिल्टरसकट बदलणं हे महागडं सिंथेटिक वीस महिने चालवण्यापेक्षा कितीतरी चांगलं. कार्ब्युरेटरमधून न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते कोणत्याही ब्रँडला पातळ करतं.

ऑइल बिघडलं का हे घरी पाहायची एक जुनी रीत आहे. इंजिन गरम असताना बंद करा, दहा मिनिटं थांबा, ऑइलची पातळी पाहायची गेज काढून तिच्या टोकाचा एक थेंब टिपकागदावर पडू द्या. टिपकागद आता सहज मिळत नाही, कॉफी गाळायचा कागदही चालतो. कागद कशालाही न टेकवता रात्रभर आडवा ठेवा. सकाळी वर्तुळं दिसतात. मध्यापासून कडेपर्यंत राखाडी रंग फिकट होत पसरला असेल तर ऑइल अजून काजळी धरून ठेवतं आहे. मधोमध काळा कुळकुळीत ठिपका, त्याची कड रेघ मारल्यासारखी आणि बाहेर काहीच नाही, तर काजळी ऑइलच्या हाताबाहेर गेली. बाहेरच्या बाजूला फिकट पिवळं, पसरट कडं दिसलं आणि गेजला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल उतरतं आहे. नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. चांगलं ऑइल मळ उचलतं म्हणूनच काळं होतं. घाबरायचं ते ऑइल फिल करायच्या झाकणाखाली चहावरच्या सायीसारखा थर दिसला तर. छोट्या छोट्या फेऱ्यांनी साचलेलं पाणीही असू शकतं, पण कूलंटही कमी होत असेल तर हेड गास्केट गेलेलं असतं आणि तेव्हा गाडी चालवू नये.

आता गिअरबॉक्स, माझ्या दुःखाचं मूळ. गिअर ऑइलचे आकडे ऐकून माणूस दचकतो: ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-९०. नव्वद नंबर म्हणजे चाळीस नंबरच्या दुप्पट दाट असणार! तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. गिअरच्या ९० नंबरचा दाटपणा १०० अंशाला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स, म्हणजे इंजिनाच्या ४०-५० नंबरच्या आसपासच. दोन ऑइलांची अदलाबदल होऊ नये म्हणून आकडे लांब ठेवले आहेत. काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये तर कंपनीच इंजिन ऑइल घालायला सांगत असे. जुन्या होंडा गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला १०डब्ल्यू-३० चालायचं. ब्रिटिश मिनीमध्ये १९५९ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलवर राहत होते.

खरा फरक जीएलच्या आकड्यात आहे. जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसचे दाब झेलणारे घटक जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ते बनवलं मागच्या चाकांच्या डिफरन्शियलसाठी. पद्मिनी, ॲम्बेसेडर, ओम्नी, जिप्सी यांच्या मागच्या आखात क्राऊन आणि पिनियनचे दात एकमेकांवर घसरत जातात, तिथे इतका दाब येतो की जीएल-५ हवंच. पण गिअरबॉक्समधली सिंक्रो रिंग पितळेची असते, आणि तिचं कामच मुळी घर्षणाचं. गिअर टाकताना ती पोलादी कोनावर घट्ट बसते, ओढून दोन्हींचा वेग सारखा करते आणि मग दात अलगद बसतात. जीएल-५ मुळे ती जास्त निसटते, वेग जुळायला उशीर होतो, दात दातावर आपटतात. तोच माझा 'कर्र'. त्यात गंधकाला तांब्याचं वावडं. देवघरातली चांदी जशी हवेतल्या गंधकानं काळवंडते, तसं गरम ऑइलमधलं गंधक वर्षानुवर्षं पितळ खातं. आताची काही जीएल-५ ऑइलं पितळेला पूर्वीइतकी बाधत नाहीत, पण निसरडेपणा राहतोच. मारुती ८०० सारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि त्याचे दात साधे तिरके असतात, म्हणून एकटं जीएल-४ दोन्ही कामं करतं. ओम्नीवाल्यांनी गिअरबॉक्सला एक आणि मागच्या आखाला दुसरं असे दोन डबे घ्यावेत. एकाच डब्यात उरकायचा मोह मी पुष्कळ गॅरेजांत पाहिला आहे.

ऑटोमॅटिक गाड्यांचं गिअर ऑइल, म्हणजे एटीएफ, ही निराळीच जात. ते पातळ, बहुधा लाल रंगवलेलं. गळालं तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून रंग. त्याला एकाच वेळी तीन कामं: दाबानं गिअर बदलणं, टॉर्क कन्व्हर्टरमधून ताकद पोचवणं आणि आतल्या क्लचच्या पट्ट्यांना नेमकं तेवढंच घर्षण देणं. या नेमक्या घर्षणासाठी अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यात स्पर्म व्हेलचं तेल घालत. व्हेलला संरक्षण मिळालं आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावे लागले. घर्षण इतकं नेमकं लागतं म्हणूनच इथे 'मिळतंजुळतं' चालत नाही. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन, होंडाचं झेड-१ आणि त्याच्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१, यांचं घर्षण वेगवेगळं असतं. सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिकमध्ये तर पोलादी पट्टा पुलीला घट्ट धरून चालतो. त्यात साधं एटीएफ घातलं तर पट्टा घसरून पुली खरवडली जाते.

जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेतली आणि ऑइल कधी बदललं ते माहीत नसेल, तर मशीन लावून एकदम सगळं धुऊन काढू नये, असं मला वाटतं. ड्रेन नट उघडल्यावर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइल येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. तेवढंच बदलावं, हजारेक किलोमीटर चालवावं, पुन्हा तेवढंच बदलावं. तीन वेळा केलं की बहुतेक नवं होतं आणि साचलेला गाळ एकदम सुटून बारीक वाटा तुंबत नाहीत. पातळी पाहायची रीत पुस्तिकेतूनच घ्या: बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात, जुन्या होंडात इंजिन गरम करून, बंद करून लगेच.

गिअर ऑइल स्वतः बदलणार असाल तर खालचा ड्रेन नट सोडण्याआधी वरचा, भरायचा नट सुटतो का पाहा. तो गंजून बसला असेल आणि खालून सगळं ऑइल काढून टाकलं असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन दारात बसावं लागतं. ड्रेन नटाच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणं नेहमीचं. नखानं उचलता येतील असे कपचे दिसले तर ऑइल कोणतंही घाला, काम वाढलं आहे. पितळेचे कण चुंबकाला चिकटत नाहीत. ते पाहायला काढलेलं ऑइल उन्हात पांढऱ्या थाळीत ओतून हलवावं. सोनेरी चमक तरळली तर ती सिंक्रो रिंगांची.

नव्या ऑइलचा रिकामा डबा तसाच भंगारात देऊ नका. त्याच डब्यात बनावट ऑइल भरून विकलं जातं. बुडाला खिळ्यानं भोक पाडून द्या. जळकं ऑइल गटारात किंवा परसात ओतणं तर मुळीच नको. ते धोकादायक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडे जायला हवं. नीट चालणारी गॅरेजं ते पिंपात साठवतात, आपलं कॅन तिथे नेऊन द्यावं. वाळवीसाठी लाकडाला तेच ऑइल फासायची सवय गावाकडे अजून आहे. त्यात इंजिनाच्या झिजेतून आलेले धातू असतात, आणि अंगणातली मुलं त्याच लाकडाला हात लावतात.

माझ्या गाडीच्या बोनेटच्या आतल्या बाजूला मी एक कागद प्लास्टिकखाली चिकटवला आहे. त्यावर मार्करनं तीन ओळी: इंजिन १५डब्ल्यू-४०, जेमतेम तीन लिटर, फिल्टरसह. गिअर जीएल-४, ८०डब्ल्यू-९०. शेवटचं कधी बदललं, किती किलोमीटरला. बोनेट उघडणारा मेकॅनिक नवा असो की जुना, मला काही बोलावं लागत नाही. तो आधी तिकडे बघतो आणि मग पाना उचलतो.